अपस्मार : एका शब्दाच्या संगतीचा इतिहास

भरताच्या नाट्यशास्त्रातील तेहतीस व्यभिचारी भावांची यादी एम.ए.च्या वर्गांना आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. निर्वेद, ग्लानी, शंका, असूया अशी तिची सुरुवात विद्यार्थ्यांच्या तोंडी चटकन बसते. पुढे मात्र परीक्षेत एखाद-दुसरा भाव निसटतो, आणि निसटणाऱ्यांत बहुधा अपस्मार असतो. निसटावा हेही स्वाभाविकच. शृंगाराला किंवा करुणाला पोषक होणारा ‘भाव’ म्हणून फेफऱ्याची कल्पना करणे आज आपल्याला जड जाते. भरताने त्याला निद्रा आणि सुप्त या दोहोंच्या मध्ये जागा दिली आहे. ‘व्याधी’ आणि ‘उन्माद’ हे दोन वेगळे भाव यादीत बरेच पुढे येतात. म्हणजे अपस्मार हा भरताच्या लेखी वेडाचा शेजारी नाही. तो झोप आणि स्वप्न यांच्यामधला आहे. नटाने तो दाखवायचा कसा? थरथरणे, धावणे, कोसळणे, घाम, तोंडाला येणारा फेस अशी अनुभावांची यादी भरत देतो, आणि ती पाहून-पारखून केलेली आहे याविषयी शंका राहत नाही. कारणे सांगताना मात्र देव, यक्ष, पिशाच इत्यादींनी पछाडणे, उष्टे खाणे, ओसाड घरात राहणे असे सगळे येते.

आम्ही भाषा-साहित्य शिकवणारी माणसे. वैद्यकात अधिकारवाणीने बोलण्याचा आव आम्ही आणू इच्छित नाही. परंतु एखादा शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी बसवला जातो, कोण बसवतो आणि त्यातून पुढे काय घडते, हा प्रश्न आमच्या कक्षेतला आहे. अपस्माराच्या बाबतीत तो केवळ शब्दार्थापुरता उरत नाही. जगात आज सुमारे ५ कोटी माणसांना हा विकार आहे, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य निदान व औषधोपचार मिळाले तर १०० पैकी ७० जणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परिणामकारक औषध १९१२ पासून ठाऊक आहे. असे असूनही अत्यंत गरीब देशांतील बहुसंख्य रुग्णांपर्यंत ते पोहोचलेले नाही. या अंतराची कारणे जशी दवाखान्यांच्या तुटवड्यात आहेत तशीच ती शब्दांतही आहेत, असे आम्हांला वाटते.

प्रथम आपल्याच परंपरेकडे पाहू. ‘अपस्मार’ म्हणजे स्मृतीचे जाणे. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचा अध्याय सातवा आणि अपस्माराचा आठवा. चिकित्सास्थानात ते नववा आणि दहावा असे येतात. शेजार आहे, पण भिंतही आहे. चरकाने दोन रोगांना दोन स्वतंत्र अध्याय दिले, वात-पित्त-कफ-सन्निपात या भेदांनी अपस्माराचे चार प्रकार केले, आणि भान हरपून काही काळ अंधारात शिरल्यासारखी अवस्था असे त्याचे स्वरूप सांगितले. मात्र त्याच अध्यायात एक पुराणकथाही आहे. दक्षाच्या यज्ञाचा विध्वंस झाला तेव्हा रोग जन्माला आले. भय, त्रास आणि शोक यांतून उन्माद निर्माण झाला आणि नाना अशुची भूतांच्या स्पर्शातून अपस्मार. ‘स्पर्श’ हा शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. झटका आलेल्या माणसाला हात लावायला लोक आजही कचरतात. कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, हातात लोखंडी किल्ली कोंबतात, पण त्याला कुशीवर वळवून श्वास मोकळा करण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. दक्षिणेत नटराजाच्या पायाखाली जो खुजा पुरुष दिसतो त्याचे नावही अपस्मारच, तमिळमध्ये मुयलकन. त्याला अज्ञानाचे प्रतीक मानण्याची रीत आहे. ज्याला हा विकार आहे त्याने त्या मूर्तीसमोर उभे राहून काय समजायचे, हा प्रश्न कलासमीक्षकांना फारसा पडलेला दिसत नाही.

हा खेळ एकट्या भारताचा नव्हे. हम्मुराबीच्या कायद्यात, विकत घेतलेल्या गुलामाला महिन्याच्या आत ‘बेन्नू’ नावाचा विकार जडला तर तो परत करण्याची मुभा आहे, आणि हा बेन्नू म्हणजे अपस्मार असे अभ्यासक मानतात. रोमन लोक त्याला ‘सभेचा रोग’ म्हणत, कारण लोकसभेत कोणाला झटका आला तर तो अपशकुन समजून सभा बरखास्त होई. ग्लॅडिएटरचे ताजे रक्त औषध म्हणून पिणाऱ्या रुग्णांविषयी प्लिनीने लिहून ठेवले आहे. ग्रीकांचा शब्द ‘एपिलेप्सिया’. त्याचा धात्वर्थ पकडणे, झडप घालणे. कोण झडप घालतो, ते शब्दात सांगितलेले नाही. ती रिकामी जागा भरायला देव-दानव तयारच होते.

इ.स.पू. ४०० च्या सुमारास, हिपोक्रॅटीसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथसंग्रहातील ‘पवित्र रोगाविषयी’ या छोट्या ग्रंथाने ही रिकामी जागा मेंदूने भरली. त्याच्या अज्ञात कर्त्याचा सूर वादविवादाचा आहे आणि आम्हांला तो फार आवडतो. हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही. ज्यांनी त्याला प्रथम पवित्र म्हटले ते आपले अज्ञान झाकत होते, असा त्याचा रोख. शुद्धी करणारे मांत्रिक रुग्णाला बकरीचे मांस खाऊ नको, बकरीच्या कातड्यावर झोपू नको असे सांगत. त्यावर तो म्हणतो की, तसे असेल तर बकऱ्यांवरच जगणाऱ्या लिबियातील लोकांत एकही निरोगी माणूस सापडायला नको. पुढे तो त्याच बकरीचे डोके फोडून मेंदू पाहायला सांगतो. त्याचे कफाचे स्पष्टीकरण आज टिकत नाही, पण इंद्रिय त्याने बरोबर ओळखले. एवढे होऊनही पुढची दोन हजार वर्षे युरोपात मंत्र-तंत्र, सैतान आणि चेटूक यांचीच सरशी राहिली. ओवसे टेमकिन यांनी १९४५ साली या रोगाचा जो विस्तृत इतिहास लिहिला तो वाचताना हेच वारंवार जाणवते, की खरे उत्तर सापडणे आणि ते खरे म्हणून चालू लागणे यांत शतकांचे अंतर पडू शकते.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी घडल्या. १८५७ साली लंडनमध्ये सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण सांगितला. लोकॉक हे व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ. अपस्माराचा संबंध ते मासिक पाळीशी आणि कामवासनेशी जोडत होते, आणि ब्रोमाइड वासना मंद करते म्हणून त्यांनी ते वापरून पाहिले. तर्क चुकीचा, औषध बरोबर! रुग्ण सुस्त होत, अंगावर पुरळ उठे, पण झटके कमी होत. दुसरी गोष्ट ह्यूलिंग्ज जॅक्सन यांची. मेंदूच्या करड्या भागात अधूनमधून, एकाएकी, प्रमाणाबाहेर होणारा शक्तीचा स्फोट म्हणजे झटका, अशी व्याख्या त्यांनी १८७३ साली केली. मेंदूतील विद्युत्क्रिया कागदावर उमटवण्याचे हान्स बर्गर यांचे काम १९२९ साली प्रसिद्ध झाले तेव्हा जॅक्सन यांच्या व्याख्येला जणू चित्रच मिळाले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या काळातले आठवते ते दस्तयेव्हस्की हे नाव. ‘इडियट’मधल्या मिश्किनचा झटक्यापूर्वीचा तेजोमय क्षण आम्हीही वर्गात रंगवून सांगितला आहे. त्या क्षणाची गोडी समीक्षकांना इतकी लागली की त्याच लेखकाच्या स्मेर्द्याकोव्हकडे, म्हणजे झटक्याचे सोंग आणणाऱ्याकडे, आणि त्याहून म्हणजे लेखकाच्या घराकडे दुर्लक्ष झाले. दस्तयेव्हस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा १८७८ साली, तीन वर्षांचाही नसताना, दीर्घ झटक्याने दगावला. त्या मृत्यूला कोणत्याही तेजोमय क्षणाची झालर नाही.

येथून शब्दाची संगत बिघडत जाते. दानव गेले, त्यांच्या जागी आनुवंशिकता आली; आणि तिने अपस्माराला वेड, मंदबुद्धी आणि गुन्हेगारी यांच्या रांगेत नेऊन बसवले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एक सरकारी वसाहत होती, तिच्या नावातच ‘अपस्मारी आणि मंदबुद्धी’ अशी जोडी होती. त्या राज्याच्या १९२४ च्या कायद्याने ज्यांची सक्तीने नसबंदी करता येईल अशांच्या यादीत अपस्मारही घातला. कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली आठ विरुद्ध एक मतांनी हा कायदा उचलून धरला, आणि त्याच वर्षी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. कॅरीला अपस्मार नव्हता. ती मंदबुद्धी नव्हती, हेही पुढे दिसून आले. बलात्कारातून गरोदर राहिलेली ती एक गरीब मुलगी होती. पण ‘आणि’ने जोडलेल्या पाटीखाली एकदा माणूस आला, की त्याला नेमके काय झाले आहे याची चौकशी करण्याची निकड कोणाला उरत नाही.

जर्मनीची कथा याहून भयंकर आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी औषधच आहे. १९१२ साली फ्रायबुर्ग येथील तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी ल्युमिनाल, म्हणजे फेनोबार्बिटाल, हे नवे झोपेचे औषध अपस्माराच्या रुग्णांना दिले. रुग्णांना झोप तर लागलीच, पण त्यांचे झटकेही कमी झाले असे त्यांना आढळले. त्यांचा लेख त्याच वर्षी म्युनिकच्या वैद्यकीय साप्ताहिकात आला. पुढे महायुद्ध पेटले आणि जर्मनीबाहेर त्याची दखल घेतली जायला वेळ लागला. १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने आनुवंशिक रोगांच्या प्रतिबंधाचा म्हणून जो कायदा केला, त्यात सक्तीच्या नसबंदीसाठी नऊ कारणे होती आणि ‘आनुवंशिक अपस्मार’ हे त्यांतील एक. या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली असा अंदाज आहे. हाउप्टमान यांना ज्यू म्हणून १९३५ साली हालेच्या विद्यापीठातील जागा सोडावी लागली. १९३८ च्या नोव्हेंबरात ते दाखाउच्या छळछावणीत होते; सुटल्यावर देश सोडून अमेरिकेत गेले आणि १९४८ साली तेथेच वारले. दरम्यान जर्मनीतल्या रुग्णालयांत, ज्यांचे जगणे व्यर्थ ठरवले गेले होते अशा मुलांना मारण्यासाठी जे औषध जादा मात्रेत वापरले जात होते, ते ल्युमिनालच. या घटनेवर भाष्य करण्याची आमची इच्छा नाही. ती नुसती नोंदवून पुढे जाणे बरे.

आता भारताकडे. भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना काही वर्षांनी झटके येऊ लागतात, आणि त्याचे कारण मेंदूत जाऊन बसलेल्या, डुकरातून पसरणाऱ्या टेपवर्मच्या अळ्या हे आहे, असे १९३० च्या दशकात तेथील लष्करी डॉक्टरांच्या लक्षात आले. अशा ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे हा विकार शाकाहारी माणसालाही होतो; कारण अळी मेंदूत पोहोचते ती मांसातून नव्हे, तर माणसाच्या विष्ठेतून पाण्यावाटे, भाजीवाटे, न धुतलेल्या हातावाटे पसरणाऱ्या अंड्यांतून. जेथे या कृमीचा वावर आहे अशा अनेक प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असते. ज्याला घराण्याचा दोष म्हणून लपवले जाते, तो पुष्कळदा गावाच्या सांडपाण्याचा दोष असतो.

परंतु आम्हांला अधिक बोलायचे आहे ते आपल्या कायद्याविषयी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मूळ अट एवढीच होती, की विवाहसमयी वधू किंवा वर वेडा अथवा जडबुद्धी असू नये. अपस्माराचा त्यात उल्लेखही नव्हता. तो आला १९७६ साली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कलम ५ मध्ये, ज्याला वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येतात अशी व्यक्ती विवाहास अपात्र ठरवली. आणि कलम १२ नुसार असा विवाह न्यायालयाकडून रद्द करवून घेता येऊ लागला. विशेष विवाह कायद्यातही हीच भर पडली. गंमत अशी, की हीच दुरुस्ती अन्य बाबतींत पुरोगामी होती. परस्परसंमतीने घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात आला तो तिच्यामुळेच. पुरोगामी कायद्याच्या पोटात हे कोठून आले?

शब्दरचना पाहिली की उगम कळतो. इंग्लंडमध्ये १९३७ साली विवाहविषयक जो कायदा झाला त्यात जवळजवळ याच शब्दांत, वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके, हे विवाह रद्द होण्याचे कारण म्हणून घातले होते. तो कायदा संसदेत लावून धरणारे ए. पी. हर्बर्ट हे ‘पंच’मधून लिहिणारे विनोदी लेखक आणि कादंबरीकार, जाचक विवाहबंधनातून माणसांना सोडवावे ही त्यांची खरी तळमळ होती. इंग्लंडने १९७१ साली अपस्माराचे ते कारण काढून टाकले. पाच वर्षांनी आपण ते स्वीकारले. जेथून वाक्य उचलले तेथे ते बाद झाले आहे, याची आपल्या मसुदाकारांनी फिकीर केलेली दिसत नाही. भाषांतराच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की मूळ पाठाची शेवटची आवृत्ती पाहावी. येथे तीही पाहिली गेली नाही.

त्या वाक्यातले सगळे बळ ‘किंवा’ या अव्ययात आहे. चरकाने दोन अध्यायांमध्ये जी भिंत घातली होती ती एका अव्ययाने पाडली. झटका ओसरल्यावर रोजच्यासारखा कामाला लागणारा माणूस आणि ज्याची विवेकशक्तीच ढळली आहे असा माणूस, हे कायद्याच्या दृष्टीने विवाहापुरते एक झाले. १९९९ साली झालेल्या दुरुस्तीने दोन्ही कायद्यांतून ‘किंवा अपस्मार’ एवढे शब्द वगळले. २९ डिसेंबर १९९९ पासून ते अमलात आले. तेवीस वर्षे हा ‘किंवा’ आपल्या विवाहकायद्यात नांदला. या काळात किती सुनांना त्याच्या आधाराने माहेरी धाडले गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नसावा, कारण न्यायालयापर्यंत जाण्याची गरजही बहुधा पडली नसेल. कायद्यात आहे, एवढे सांगणे पुरत होते.

या सगळ्या काळात औषध मात्र होते, आणि स्वस्त होते. फेनोबार्बिटाल जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७७ च्या पहिल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. वर्षाला सुमारे ५ डॉलरमध्ये एका रुग्णाचा उपचार होऊ शकतो असे ही संघटना सांगते. कर्नाटकातील येळंदूर येथे डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या फेनोबार्बिटाल-फेनिटॉइनवर ग्रामीण रुग्णांची काळजी घेऊन दाखवली. त्यांचा अहवाल २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. चीनच्या खेड्यांतही प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांनी असेच काम केले. तरीही गोळी अडते. फेनोबार्बिटाल हे १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित द्रव्यांत मोडते, म्हणून त्याच्या आयातीला परवाने आणि कागद लागतात. आणि इतके स्वस्त औषध बनवण्या-विकण्यात कोणाला फारसा रस नसतो. २०२२ साली जागतिक आरोग्य सभेने अपस्मार व इतर मज्जाविकारांसाठी २०३१ पर्यंतची कृतियोजना संमत केली. तीत उपचारांची व्याप्ती ५० टक्क्यांनी वाढवण्याबरोबरच, ८० टक्के देशांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मानवी हक्कांच्या दृष्टीने आपले कायदे करावेत किंवा सुधारावेत, असे उद्दिष्ट आहे. आरोग्याच्या योजनेत कायद्याच्या भाषेला जागा मिळाली, ही बाब आम्हांला महत्त्वाची वाटते.

मग नावच बदलले तर? काही देशांनी ते करून पाहिले. चिनी भाषेत या रोगाच्या नावात दोन चिन्हे येतात आणि पहिल्याचा अर्थ वेड असा होतो. हाँगकाँगमध्ये २०१० साली ते काढून त्याच्या जागी मेंदूचे चिन्ह बसवण्यात आले. कोरियातही त्याच सुमारास जुने नाव सोडून मेंदूतील विजेचा विकार अशा अर्थाचे नाव घेण्यात आले. मलय भाषेतले जुने नाव ‘डुकराचे वेड’. तेही आता टाळले जाते. हिंदीतल्या आणि आपल्याकडे आलेल्या ‘मिरगी’चे नाते संस्कृत ‘मृगी’शी, म्हणजे हरिणीशी, सांगितले जाते. पशूंचा हा फेरा कोठे सुटत नाही. मराठीत ‘फेफरे’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, बातमी ऐकून त्याला फेफरेच आले असे आपण हसत म्हणतो. आणि ‘फिट’ हा इंग्रजीतून आलेला शब्द तर असा, की तोच आजाराला आणि तोच ठणठणीत प्रकृतीलाही चालतो.

नामांतराने फार काही साधेल असे आमचे मत नाही. मराठीपुरते बोलायचे तर ‘अपस्मार’ हा शब्द चांगला आहे. त्यात वेड नाही, पशू नाही, काही क्षण स्मरण जाते एवढेच त्यात आहे. अडचण अशी, की तो घरात बोलला जात नाही. केरळात विवाहापूर्वीच अपस्मार सुरू झालेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांचा आजार लग्न ठरवताना लपवलेला होता. आपल्याकडेही ‘लग्न झाले की बरे होते’ असे सांगणारी वडीलधारी मंडळी कमी नाहीत. लपवलेल्या आजाराची गोळीही लपवावी लागते. ती डोकेदुखीची म्हणून सांगितली जाते, सासरी पाहुणे असले की चुकते, माहेरचे माणूस येईपर्यंत संपलेली असते. आणि गोळी चार दिवस चुकली की झटका येतो, नेमका स्वयंपाकघरात, चुलीपाशी.